घसरणारं मशीन

सोमवारी सकाळी कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गल्लीत क्रांतीला जो भेटेल तो शाबासकी द्यायला लागला आणि तिथूनच दिवस बिघडला. चहाच्या गाड्यावरचा माणूस लांबूनच हसला. वेल्डिंगवाल्या दोघांनी हात वर केले. समोरच्या पॅटर्न शॉपचे, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे करणाऱ्या दुकानाचे, गणपतराव तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. शनिवारी हेच गणपतराव पोट धरून हसले होते, आणि आज म्हणत होते, पोरगी असावी तर अशी.

झालं काय असं, क्रांतीनं विचारलं. तर म्हणाले, अगं काल ट्रक ओढला की तुझ्या मशीननं. हँडब्रेक लावलेला, बिडाच्या लोखंडानं गच्च भरलेला ट्रक पार गल्लीच्या तोंडापर्यंत फरफटत नेला. सगळ्यांच्या मोबाईलात हाय, तुला कुणी दावला न्हाय व्हय?

कुणी दाखवला नव्हता. रविवारी ती पेठ वडगावला स्नेहलच्या, म्हणजे मैत्रिणीच्या, बाळाच्या बारशाला गेली होती. गडमुडशिंगीला घरी परतली तेव्हा वडील आणि भाऊ ताटात मान घालून जेवत होते, आणि तिनं दिवसभरात काय झालं विचारलं तर दोघंही काही नाही म्हणाले होते. ते काही नाही म्हणजे काय, ते आत्ता कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते मशीन असा ट्रक ओढूच शकत नव्हतं. ओढू नये म्हणून तर तिनं जिवाचं रान केलं होतं.

आता हे ट्रक ओढायचं काय प्रकरण आहे ते सांगायला पाहिजे. क्रांतीचे वडील आकारामआप्पा विंच बनवायचे. विंच म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझं ओढणारं मशीन. उसाची ट्रॉली चिखलात रुतली, की आप्पांच्या विंचनं बाहेर काढायची, असं साऱ्या जिल्ह्यात ठरून गेलेलं. आणि त्यांचा एक रिवाज होता. नवीन मशीन कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी गल्लीत आणायचं, दोराच्या दुसऱ्या टोकाला भरलेला ट्रक बांधायचा, नारळ फोडायचा आणि ओढ लावायची. सगळी गल्ली कामं टाकून बघायला यायची. ट्रक हलला की शिट्ट्या. ट्रक नुसता अडला आणि मशीन थांबलं तरी चालायचं. पण दोर धरून ड्रम मागं घसरला, की संपलं. ज्याचं मशीन घसरलं त्याला उद्यमनगरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आप्पांचं कधी घसरलं नव्हतं.

हे मशीन मात्र उसासाठी नव्हतं. ते रत्नागिरीच्या हरेश्वर तांडेलांच्या बोटीसाठी होतं. पर्ससीनचं जाळं म्हणजे माशांच्या थव्याभोवती पाण्यात उभी केलेली गोल भिंत. तिच्या खालच्या काठाला कड्या असतात, कड्यांतून दोर जातो, आणि बटव्याची नाडी ओढावी तसा तो दोर ओढला की जाळ्याचा तळ मिटतो. हरेश्वर तांडेलांचं जुनं विंच इतकं रडतखडत चालायचं की तळ मिटेपर्यंत अर्धा बांगडा खालून पसार. मग पुन्हा दुसरा थवा शोधा, पुन्हा डिझेल जाळा, पुन्हा सगळ्या खलाशांनी दोराला झोंबायचं. तांडेल कुणाच्या ओळखीनं आप्पांकडे आले, आणि आप्पांनी ते काम क्रांतीच्या अंगावर टाकलं. इंजिनिअरिंग शिकून ती कारखान्यातच बसलेली. कर म्हणाले, तुझंच डोकं चालव.

तिनं चालवलं. आधी समुद्रावर गेली. उलट्या करून करून आतडी बाहेर यायची बाकी राहिली, तरी बघायचं ते बघून आली. धाकू नावाचा एक खलाशी होता. तिला सरबत दे, कंबरेला दोर बांधून केबिनच्या दांडीला अडकवून ठेव, हे सगळं त्यानंच केलं. ओढायची वेळ आली की हा धाकू ड्रमपाशी उभा. दोरावर उजवा हात ठेवून तो दोराला वळण लावायचा. जाळं पाण्यात भरून जड झालेलं, आणि तेवढ्यात लाट आली की बोट वर जायची. जाळं काही वर यायचं नाही. मग दोर असा ताठायचा की त्यातून आवाज निघायचा. क्रांतीनं त्याला विचारलं होतं, असा आवाज आल्यावर तू काय करतोस? तो म्हणाला होता, मागं सरतो, पण मागं जागा कुठं आहे.

तेव्हाच तिनं ठरवलं होतं. मशीन झपाट्यानं ओढणारं पाहिजे, तळ पटकन मिटला पाहिजे, डिझेल कमी लागलं पाहिजे, हे सगळं खरं. पण दोरावर ठरलेल्यापेक्षा जास्त ताण आला, की ड्रमनं आपणहून थोडा दोर सोडला पाहिजे आणि लाट उतरली की परत घेतला पाहिजे. त्यासाठी तिनं ड्रम फिरवणाऱ्या तेलाच्या लाईनवर एक व्हॉल्व बसवला. व्हॉल्वच्या पोटात स्प्रिंग. ताण वाढला की स्प्रिंग दबणार, तेलाला वाट मिळणार, ड्रम घसरणार. एवढी साधी गोष्ट.

आणि शनिवारी ओढ लावली तेव्हा ड्रम घसरला. घसरायचाच होता. पण गल्ली हसली. गणपतराव म्हणाले, आकारामआप्पा, मशीनला चक्कर आली वाटतं. आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला. क्रांती ओरडून ओरडून सांगत होती की ते असंच पाहिजे, समुद्र म्हणजे रस्ता न्हवं. पण हसणाऱ्या माणसाला कान असतात व्हय? आप्पा सरळ आत निघून गेले होते.

तर आता सोमवारी ती तीरासारखी कारखान्यात शिरली. मशीन हार घालून, कुंकू लावून तयार होतं. दाराशी टेम्पो उभा. हरेश्वर तांडेल स्वतः घ्यायला आलेले, खुर्चीवर बसून चहा पीत मोबाईलवर कालचा व्हिडिओ बघत होते. आप्पा त्यांच्याशेजारी, छाती पुढं काढून. थोरला भाऊ पृथ्वीराज टेम्पोवाल्याला सूचना देत होता. तिला बघून तो जरा जास्तच मोठ्यानं बोलायला लागला.

क्रांती थेट मशीनपाशी गेली. पाना घेतला, व्हॉल्वचं टोपण खोललं. आत स्प्रिंग नव्हती. स्प्रिंगच्या जागी बरोब्बर त्याच मापाचा लोखंडी तुकडा. लेथवर काढलेला, कडा मारलेल्या, वर पॉलिश. लेथवरचा हात दादाचा, हे तिनं ओळखलं. त्यानं आयुष्यात इतकं मन लावून काम केलं नसेल, आणि केलं ते हे. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिनं तो तुकडा आप्पांच्या चहाच्या बशीत टाकला.

पृथ्वीराजनं सारवासारव सुरू केली. म्हणाला, अगं तात्पुरतं, नुसतं ओढीपुरतं. मग परत स्प्रिंग का घातली न्हाय, तिनं विचारलं. तो म्हणाला, व्हिडिओ सगळीकडं गेलाय, आता तिकडं कुणी बोटवाल्यानं परत ओढून बघितलं आणि घसरलं तर पुन्हा शोभा व्हायची. कारखान्याचं नाव हाय का न्हाय काही?

हरेश्वर तांडेलांची मात्र तिसरीच तऱ्हा. ते म्हणाले, ताई, कशाला भांडता, मला असंच पाहिजे. भरला ट्रक ओढतं म्हणजे जाळं काय चीज आहे. व्हॉल्वमध्ये काय असतं आणि काय नसतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. क्रांतीनं आप्पांकडे बघितलं. आप्पा सगळं जाणत होते. पृथ्वीराजच्या डोक्यातून आलेलं असलं तरी तुकड्याचं माप आप्पांनी घेतलेलं होतं, हे तिला कळलं, कारण बशीतल्या तुकड्याकडे त्यांनी नवलानं बघितलंसुद्धा नव्हतं. आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. दादा उथळ, त्याचं ठीक आहे. पण ज्या माणसानं तिच्या हातात पहिल्यांदा फाईल देऊन सांगितलं की लोखंडाशी खोटं बोलायचं नाही, त्यानं हे करावं?

"आप्पा, हे मशीन असं जाणार न्हाय," ती म्हणाली.

आप्पा म्हणाले, जाणार. नारळ फुटलाय. या गल्लीत माझं मशीन घसरलं असं पुन्हा कुणी म्हणणार न्हाय.

तिनं समजावून बघितलं. समुद्रात जाळं अडलं, बोट वर गेली आणि ड्रमनं दोर सोडला नाही, तर दोर तुटेल, नाहीतर दोर जिच्यावरून येतो ती वरची लोखंडी दांडी मोडून खाली येईल, आणि दोन्हीखाली माणूस उभा असतो. आप्पा म्हणाले, खलाशी काय लहान पोरं हायती? सरतील बाजूला. उसाच्या ट्रॉलीला इतकी वर्षं माणसं उभी राहतातच की. तुला पुस्तकातलं भ्या वाटतंय.

मग मात्र क्रांतीचा तोल गेला. कोल्हापूरच्या पोरी पोरांसारख्याच करतो-येतो बोलतात, आणि चिडल्या की पोरांपेक्षा मोठ्यानं बोलतात. ती असं ओरडली की समोरचा लेथ थांबला.

"ठीक हाय. मी पण ओढ लावतो. आत्ता, या तुकड्यासकट. फक्त ट्रक मोकळा न्हाय ठेवायचा. समुद्र ट्रकासारखा फरफटत येत न्हाय. ट्रक साखळीनं खांबाला बांधायचा. आणि ड्रमपाशी धाकू उभा असतोय तिथं आपल्यातल्या कुणीतरी उभं ऱ्हायचं, दोरावर हात ठेवून. भ्या पुस्तकातलं हाय न्हवं? मग या."

दहा मिनिटांत गल्ली भरली. असल्या गोष्टी उद्यमनगरात सांगाव्या लागत नाहीत. बिडाचा ट्रक गणपतरावांच्या दारातच होता. तो क्रेनच्या लोखंडी खांबाला साखळदंडानं जखडला. मशीन पुन्हा बाहेर आलं. क्रांतीनं तुकडा स्वतःच्या हातानं परत व्हॉल्वमध्ये घातला, टोपण आवळलं, दोर लावला आणि लिव्हर धरून उभी राहिली.

तिनं भावाला बोलावलं. ये दादा, तुझाच तुकडा हाय. पृथ्वीराज दोन पावलं आला, खांबाकडे बघितलं, दोराकडे बघितलं आणि म्हणाला, येडी झालीयस काय तू. लोक हसले. तो लाल होऊन मागं गेला. तिला वाटलं, झालं. आता संपलं. आता आप्पा म्हणतील, काढ तो तुकडा.

पण आप्पा उठले. टोपी सारखी केली. ड्रमपाशी आले आणि उजवा हात सरळ दोरावर ठेवला.

"लाव," ते म्हणाले. "माझ्या मशीनला मी भितो व्हय?"

गल्लीनं शिट्ट्या मारल्या. क्रांतीला वाटलं, आत्ताच थांबावं, पण राग त्याहून मोठा होता. सगळ्यांसमोर येऊन उभे राहिले, हिरो व्हायला. एका माणसाच्या हाताची किंमत कळावी म्हणून सांगितलं, तर त्याचाही तमाशा केला. तिनं लिव्हर ओढली.

दोर उचलला गेला. ढिला होता तो सरळ झाला, मग ताठ झाला. ट्रक गदकन हलला आणि साखळीला अडून थांबला. मशीन थांबेना. शनिवारी इथंच ड्रम घसरला होता. आता घसरायला वाट नव्हती. दोरातून आवाज निघायला लागला, पहिल्यांदा बारीक, मग वाढत गेला. बोटीवर ऐकला होता तसाच. खांबाच्या बुडाशी सिमेंटचा तुकडा उडाला. शिट्ट्या बंद झाल्या. मागची माणसं भिंतीला टेकली. गणपतराव दुकानात गेले. पृथ्वीराज काहीतरी ओरडत होता.

आप्पा हलले नाहीत. त्यांच्या मानेची शीर फुगली होती आणि डोळे क्रांतीवर होते. क्रांतीचे त्यांच्यावर. म्हणा, तिच्या मनात चाललं होतं, बंद कर म्हणा. एकदा म्हणा. दोराचा एक पेड तुटून तटकन वर आला. आप्पा म्हणाले नाहीत.

तिनं लिव्हर पाडली. दोर सैल पडला.

मग आप्पा घोगऱ्या आवाजात हसले आणि गल्लीकडे वळून म्हणाले, बघितलंसा? काय झालं का? काय बी झालं न्हाय. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वाघ म्हणालं.

क्रांती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आता ती ओरडत नव्हती.

"मी बंद केलं म्हणून झालं न्हाय. लिव्हरवर तुमची लेक हुती. ती बंद करणार हे तुमाला ठाव हुतं, म्हणून उभा ऱ्हायला. धाकू उभा असतोय तवा दुसऱ्या टोकाला लाट असती. ती कुणाची लेक हाय, आप्पा? तिला कोण सांगणार बंद कर म्हणून?"

हरेश्वर तांडेल पुढं आले. त्यांनी तो तुटलेला पेड बोटात धरून बघितला. मग व्हॉल्वकडे बोट करून पृथ्वीराजला विचारलं, यातून काय काढलंत तुम्ही? पृथ्वीराजनं आप्पांकडे बघितलं. क्रांतीनं सांगितलं. स्प्रिंग म्हणजे काय आणि तुकडा म्हणजे काय, दोन वाक्यांत. तांडेलांनी ऐकलं. त्यांनी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की धाकू माझ्या चुलत्याचा मुलगा आहे, आणि टेम्पोवाल्याला गाडी वळवायला सांगितली. रिकामीच.

आप्पा ड्रमपाशीच उभे होते. टेम्पो वळायला लागला तेव्हा त्यांनी तांडेलांना हात करून थांबवलं, आणि पृथ्वीराजकडे न बघता ते म्हणाले, स्प्रिंग आण.

पृथ्वीराज जवळ येऊन कुजबुजला की सगळी गल्ली उभी आहे, आत नेऊन घालूया, बाहेर नको, लोक हसतील. आप्पा म्हणाले, आणतोस का मी जाऊ?

स्प्रिंग आली. आप्पांनी ती क्रांतीच्या हातात दिली नाही. स्वतःच खाली बसले, तुकडा काढला, स्प्रिंग घातली, टोपण बसवलं. पाना दोनदा निसटला. मदतीला कुणी पुढं आलं नाही आणि क्रांतीही गेली नाही. तिचा राग अजून जाग्यावरच होता. मग आप्पांनी दोर बदलला. आता लिव्हरवर पृथ्वीराजला उभं केलं आणि स्वतः पुन्हा दोरावर हात ठेवला.

दोर ताठला. ट्रक साखळीला अडला. आणि ड्रम घसरला. अगदी हळू, कुरकुर करत, आप्पांच्या हाताखालून दोर मागं सरकत गेला, आणि ताण उतरल्यावर ड्रमनं तो परत घेतला. दोरातून कसलाही आवाज निघाला नाही.

गल्लीतून मात्र निघाला. आधी मागचं कुणी तरी फिसकन हसलं, मग बाकीचे. गणपतराव दुकानातून बाहेर आलेलेच होते. त्यांना राहवतंय होय? म्हणाले, "आकारामआप्पा, घसरलं की हो."

"घसरतंय," आप्पा म्हणाले. "घसरायलाच केलंय. दोरापाशी माणूस हाय."

हसणारे हसतच होते. सगळंच बोलणं लोकांच्या डोक्यात शिरतं असं नाही. आप्पा त्या हसण्यात मान वर करून उभे राहिले, मशीन टेम्पोत चढेपर्यंत. त्यांना किती जड गेलं ते क्रांतीला दिसत होतं. तरी तिला त्यांची दया आली नाही. शनिवारीच हे एक वाक्य बोलले असते तर. तांडेलांनी जाताना तिला हात जोडले, आप्पांनाही जोडले, पृथ्वीराजला जोडले नाहीत. टेम्पो घाटाच्या रस्त्याला लागला. लोक पांगले. लेथ सुरू झाले.

क्रांती दोर गुंडाळत होती. तुटलेल्या पेडाचा दोर होता तो, तिला तो फेकायचा होता. आप्पा शेजारी येऊन थांबले. चुकलो म्हणतील, असं तिला वाटलं. निदान बरोबर होतीस म्हणतील. तिनं त्यासाठी जीभ धारदार करून ठेवली होती.

"उशिरा बंद केलंस," आप्पा म्हणाले.

दोर तिच्या हातातच राहिला.

"आवाज आला तवाच तुला कळलं हुतं. तवा न्हाय केलंस. पेड तुटल्यावर केलंस."

"व्हय."

"मुद्दाम?"

खोटं बोलता आलं असतं. लिव्हर अडकली म्हणता आलं असतं. पण समोर आप्पा होते.

"व्हय," क्रांती म्हणाली. "तुमी बंद कर म्हणाल म्हणून थांबलो."

आप्पांनी तिच्या हातातून तो दोर घेतला, कामाच्या टेबलावर ठेवून छिन्नीनं तोडला आणि त्याचे तुकडे भंगारात टाकले. त्या दिवसानंतर कारखान्यात ओढ लावली की लिव्हरवर क्रांती कधी उभी राहिली नाही, आणि आप्पांनी तिला कधी उभं राहा म्हटलं नाही.